विश्लेषण : रोजचा थकवा की थायरॉइडचा आजार? हिंगोलीसारख्या जिल्ह्यात एक रक्तचाचणी का महत्त्वाची?

हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ रोजी महिलांच्या कर्करोग तपासणीसाठी ‘संजीवनी’ मोहीम सुरू झाली. २ लाख ९२ हजार ९९६ महिलांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली आणि त्यातील १४ हजार ५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणे आढळल्याची माहिती सार्वजनिक आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात दिली. या आकड्याने राज्यभर खळबळ उडाली. प्रत्यक्षात तोवर निदान झालेले कर्करोगाचे रुग्ण १२ होते. लक्षण आणि आजार यात किती अंतर असते, हे या मोहिमेने दाखवून दिले. थायरॉइडच्या बाबतीत गोष्ट बरोबर उलटी आहे. येथे आजार असतो, पण लक्षणे इतकी साधी वाटतात की त्यांना कोणी लक्षण मानतच नाही. थकवा, केस गळणे, वजन वाढणे, पाळीत जास्त रक्तस्राव या तक्रारींमागे थायरॉइड आहे का, हे कसे ओळखायचे आणि ओळखल्यावर काय करायचे?

थायरॉइड ग्रंथीचे काम काय?

‘मला थायरॉइड आहे’ असे सर्रास म्हटले जाते. खरे तर थायरॉइड सर्वांनाच असते. गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची ही छोटी ग्रंथी असते. अन्नातून मिळणारे आयोडीन वापरून ती टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरके बनवते. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी किती वेगाने काम करणार, हे या संप्रेरकांवर ठरते. हृदयाचे ठोके, पचन, शरीराचे तापमान, मासिक पाळी, लहान मुलांची वाढ आणि मेंदूचा विकास या सर्वांशी त्यांचा संबंध आहे.

ग्रंथीने किती संप्रेरक बनवावे, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. तो हुकूम म्हणजे टीएसएच. घराच्या गच्चीवरील टाकीला बसवलेल्या ऑटोमॅटिक मोटारीसारखी ही व्यवस्था आहे. टाकीतील पाणी कमी झाले की मोटार सुरू होते, टाकी भरली की बंद पडते. रक्तात थायरॉइडचे संप्रेरक कमी झाले की टीएसएच वाढतो, संप्रेरक जास्त झाले की टीएसएच घटतो. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच ‘जास्त’ दिसला तर त्याचा अर्थ थायरॉइड कमी काम करत आहे, असा होतो. मोटार बराच वेळ चालूनही टाकी भरत नाही, तशी ही स्थिती. अनेक रुग्णांचा गोंधळ याच ठिकाणी होतो.

लक्षणे कोणती?

ग्रंथीचे काम मंदावले तर त्याला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. आढळणाऱ्या रुग्णांत याच प्रकाराचे प्रमाण जास्त असते. यात सतत थकवा, झोप होऊनही अंग जड वाटणे, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, चेहऱ्यावर सूज, आवाज घोगरा होणे, खाणे फारसे न वाढता वजन वाढणे, विसरभोळेपणा, उदास वाटणे ही लक्षणे दिसतात. पाळी अनियमित होते किंवा रक्तस्राव वाढतो. गर्भधारणा होण्यात अडचण येऊ शकते. कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते.

ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तर त्याला हायपरथायरॉइडिझम म्हणतात. यात भूक चांगली असूनही वजन घटते, छातीत धडधडते, हात थरथरतात, घाम जास्त येतो, उकाडा सहन होत नाही, वारंवार शौचाला जावे लागते, चिडचिड होते, झोप लागत नाही. काही रुग्णांचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात.

यातील एखादे लक्षण असले म्हणजे आजार आहेच, असे नाही. पण दोन-तीन लक्षणे एकत्र असतील, ती काही आठवडे टिकली असतील किंवा घरात आई, बहीण, मावशी यांना थायरॉइडचा त्रास असेल, तर तपासणी करून घेणे योग्य ठरते. महिलांमध्ये हा आजार पुरुषांच्या तुलनेत कितीतरी जास्त आढळतो. टाइप-१ मधुमेह असलेल्यांनीही अधूनमधून तपासणी करावी, कारण दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवावर हल्ला करते.

लक्षणे दुर्लक्षित का राहतात?

कारण ती कष्टाच्या जगण्यात सहज मिसळून जातात. सोयाबीनची काढणी, कापूस वेचणी, हळद काढणे आणि शिजवणे या कामांत वर्षाचे बरेच महिने जातात. पहाटे उठून स्वयंपाक, मग शेत, परत आल्यावर पुन्हा घरकाम. अशा बाईने ‘दमायला होतं’ असे सांगितले तर घरातले सहज म्हणतात, काम आहे म्हटल्यावर दमणारच. वजन वाढले तर वयाचा दोष, केस गळाले तर पाण्याचा, पाळी बिघडली तर चाळिशीचा. अनेकदा ती स्वतःही हेच मानते.

दुसरे कारण वैद्यकीय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना अ‍ॅनिमिया आहे. थकवा, धाप, केस गळणे, अंगात त्राण नसणे ही अ‍ॅनिमियाचीही लक्षणे आहेत. त्यामुळे ‘अंगात रक्त कमी आहे’ एवढ्यावर निदान थांबते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, शिवाय ते एकमेकांत गुंतलेलेही आहेत. थायरॉइडच्या कमतरतेमुळे पाळीत जास्त रक्त जाते आणि त्यातून अ‍ॅनिमिया होतो. दुसरीकडे, लोहाची तीव्र कमतरता असेल तर थायरॉइड ग्रंथीला संप्रेरक बनवण्यात अडथळा येतो. दोन-तीन महिने लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही थकवा कमी होत नसेल, तर टीएसएच तपासण्याची ती ठळक खूण आहे.

तिसरे कारण व्यवस्थेतले आहे. ३० वर्षांवरील नागरिकांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. थायरॉइडसाठी तसा घरोघरी तपासणीचा कार्यक्रम नाही. त्यामुळे विचारणा रुग्णालाच करावी लागते.

किती लोकांना हा त्रास असतो?

भारतातील आठ शहरांत झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत नेहमी उद्धृत केला जातो. मुंबई, गोवा, हैदराबाद, दिल्ली, अहमदाबाद, बंगळूरु, चेन्नई, कोलकाता येथील पाच हजारांहून अधिक प्रौढांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी १०.९५ टक्के जणांना, म्हणजे साधारण नऊ-दहा जणांमागे एकाला हायपोथायरॉइडिझम आढळला. त्यातील सुमारे एकतृतीयांश लोकांना आपल्याला आजार आहे याची कल्पनाच नव्हती. किनारपट्टीच्या शहरांपेक्षा समुद्रापासून दूर असलेल्या शहरांत प्रमाण जास्त होते.

हा अभ्यास शहरी भागातला आहे. त्याची टक्केवारी जशीच्या तशी हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या तालुक्यांना लावता येणार नाही. पण मोठ्या शहरांत, जिथे गल्लोगल्ली पॅथॉलॉजी लॅब आहेत, तिथेही तीनपैकी एक रुग्ण अंधारात राहत असेल, तर २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार लोकसंख्या असलेल्या ग्रामीण जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ मानता येत नाही.

मीठ आयोडीनयुक्त आहे, मग हा आजार का होतो?

पूर्वी देशात थायरॉइडचा प्रश्न म्हणजे गलगंड, म्हणजे गळ्याला आलेली मोठी गाठ, असे समीकरण होते. त्याचे मुख्य कारण आयोडीनची कमतरता. १९५० च्या दशकात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण घटते, हे दाखवून दिले. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे.

प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला २५०. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. हे मीठ उघड्या डब्यात, चुलीजवळ किंवा ओलसर जागी ठेवले तर त्यातील आयोडीन कमी होत जाते. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घालावे. उपवासापुरते सैंधव ठीक आहे. पण ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या जेवणात फक्त सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरणाऱ्या घरांत आयोडीनची जुनी कमतरता परत येऊ शकते, कारण या मिठात सहसा आयोडीन मिसळलेले नसते.

मात्र आज आढळणाऱ्या बहुतेक रुग्णांत कारण मीठ नसते. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या भागांत हायपोथायरॉइडिझमचे सर्वांत मोठे कारण हाशिमोटो हा आजार आहे. यात प्रतिकारयंत्रणा थायरॉइड ग्रंथीलाच परकी समजून तिच्यावर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. जास्त मीठ किंवा आयोडीनचे थेंब घेऊन तो बरा होत नाही. उलट, गरजेपेक्षा जास्त आयोडीनमुळे थायरॉइड बिघडू शकते.

कोणती चाचणी करावी? रिपोर्ट कसा वाचावा?

पहिली चाचणी टीएसएचची. ती बिघडलेली आली तर फ्री टी-४ आणि गरजेनुसार अँटी-टीपीओ प्रतिपिंडांची चाचणी केली जाते. प्रत्येकाने सुरुवातीलाच मोठे ‘पॅकेज’ करण्याची गरज नसते. टीएसएचची सामान्य पातळी साधारण ०.४ ते ४.५ मानली जाते. प्रयोगशाळेनुसार त्यात थोडा फरक असतो. ढोबळ अर्थ असा :

- टीएसएच जास्त, फ्री टी-४ कमी : थायरॉइडची स्पष्ट कमतरता. उपचार आवश्यक.
- टीएसएच जास्त, फ्री टी-४ सामान्य : सुप्त कमतरता. प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही.
- टीएसएच खूप कमी, टी-४ किंवा टी-३ जास्त : थायरॉइडचा अतिरेक. कारण शोधून उपचार आवश्यक.

एक बाब सहसा सांगितली जात नाही. केस गळतात म्हणून अनेक जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. जास्त मात्रेतील बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या यंत्रांवर थायरॉइडचा निकाल चुकीचा येतो आणि टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवावे आणि ते घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. या चाचणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती नाही. पण टीएसएच दिवसभरात कमी-जास्त होत असल्याने दर वेळी सकाळी आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी केली तर आधीच्या रिपोर्टशी तुलना नीट होते.

टीएसएच वाढला की गोळी सुरू करायचीच का?

नाही. टीएसएच ५ ते १० दरम्यान असेल, टी-४ सामान्य असेल आणि रुग्ण गर्भवती नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करणे हा पहिला टप्पा असतो. ताप, मोठे आजारपण यानंतर टीएसएच तात्पुरता वाढतो आणि आपोआप खाली येतो. वाढत्या वयातही तो थोडा जास्त असणे स्वाभाविक असते. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुप्त कमतरतेसाठी गोळी घेणाऱ्यांच्या थकव्यात किंवा लक्षणांत न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक पडला नाही.

टीएसएच १० च्या वर गेला तर बहुतेक वेळा उपचार सुचवले जातात. १० च्या आत असेल तर वय, गर्भधारणेचा विचार, अँटी-टीपीओ, लक्षणे, हृदयाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात. एकाच रिपोर्टवरून आयुष्यभराची गोळी सुरू होत असेल तर ‘चाचणी पुन्हा करून पाहूया का?’ असे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

गोळी घेऊनही टीएसएच आटोक्यात का येत नाही?

उपचारासाठी लेव्होथायरॉक्सिन हे औषध दिले जाते. शरीरात बनणाऱ्या टी-४ चीच ती प्रतिकृती आहे. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे आणि ती स्वस्त औषधांपैकी एक आहे. तरीही अनेकांचा टीएसएच वर्षानुवर्षे वर-खाली होतो. त्याचे कारण बहुतेक वेळा गोळी घेण्याच्या पद्धतीत असते.

ही गोळी पोट रिकामे असतानाच नीट शोषली जाते. म्हणून ती सकाळी अनोशापोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. यात सकाळचा चहाही आला. उठल्या उठल्या चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी, ही सवय उपचार फसवते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तसेच अ‍ॅसिडिटीची काही औषधे पोटात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतात. त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर हवे. निम्म्याहून अधिक महिलांना अ‍ॅनिमिया असलेल्या राज्यात हा मुद्दा छोटा नाही. थायरॉइडची गोळी सकाळी आणि लोहाची गोळी दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर, अशी सरळ विभागणी करता येते.

पहाटे घाईत शेतावर निघणाऱ्यांना सकाळचा तास सांभाळणे जमत नसेल तर डॉक्टरांशी बोलून रात्री झोपताना गोळी घेण्याचा पर्याय आहे. त्यासाठी रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तास गेलेले हवेत. जी वेळ ठरेल ती रोज पाळावी. मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावा. त्याआधी केलेली चाचणी दिशाभूल करते, कारण शरीराला नव्या पातळीवर स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. पातळी स्थिर झाली की सहा महिने ते वर्षातून एकदा तपासणी पुरते.

उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांपुढे जातो. या गोळ्या उष्णता, ओलावा आणि उजेडाने खराब होतात. त्या मूळ डबीतच, पत्र्याच्या छतापासून आणि चुलीपासून दूर, घरातील सर्वांत थंड कोरड्या जागी ठेवाव्यात. ऊसतोडीला किंवा कामासाठी काही महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वीच तेवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्यावी. बरे वाटू लागले म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. बरे वाटते ते गोळीमुळेच. वजन कमी करण्यासाठी ही गोळी घेणे तर धोक्याचे आहे. त्यातून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होतात.

गरोदरपणात हा विषय जास्त गंभीर का?

गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेसे काम करू लागेपर्यंत, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. आईला तीव्र कमतरता असेल आणि उपचार झाले नाहीत तर गर्भपात, मुदतपूर्व प्रसूती, रक्तदाब वाढणे आणि बाळाच्या बौद्धिक विकासावर परिणाम होण्याचा धोका असतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये गरोदरपणातील थायरॉइड तपासणीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. गलगंड, घरात थायरॉइडचा आजार, आधीचे गर्भपात, वंध्यत्व, टाइप-१ मधुमेह, लठ्ठपणा अशी जोखीम असलेल्या गर्भवतींची तपासणी करावी, असे त्यात म्हटले आहे.

आधीपासून गोळी घेणाऱ्या महिलेने दिवस राहिल्याचे कळताच, पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. कारण गरोदरपणात मात्रा साधारण एकचतुर्थांशाने वाढवावी लागते आणि पहिल्या पाच महिन्यांत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासावा लागतो. ‘गरोदरपणात औषधे नकोत’ म्हणून घरच्यांनी ही गोळी बंद करायला लावणे बाळासाठी घातक ठरू शकते. याच काळात आरोग्य केंद्रातून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या अवश्य घ्याव्यात, पण थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवून. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. थायरॉइडबद्दल विचारण्यासाठी तो दिवस सोयीचा आहे.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही महिलांची थायरॉइड ग्रंथी तात्पुरती बिघडते. आधी धडधड आणि अस्वस्थता, नंतर थकवा आणि उदासी असा क्रम असू शकतो. बाळंतिणीची ही तक्रार ‘झोप होत नाही म्हणून’ एवढ्यावर सोडून देऊ नये.

नवजात बाळाची तपासणी का हवी?

काही बाळांमध्ये जन्मतःच थायरॉइड नसते किंवा पुरेसे काम करत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाच शहरांतील एक लाखाहून अधिक नवजात बालकांच्या अभ्यासात, साधारण ११३० बाळांमागे एकाला हा विकार आढळला. जन्मावेळी अशी बहुतेक बाळे ठणठणीत दिसतात. पुढे कावीळ लांबणे, बाळ फार झोपाळू असणे, दूध कमी ओढणे, बद्धकोष्ठता, घोगरे रडणे, जीभ मोठी दिसणे, बेंबी फुगणे अशी लक्षणे येतात. तोपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मूल इतर मुलांसारखेच वाढते. उशीर झाला तर कायमचे मतिमंदत्व येऊ शकते. टाळता येण्याजोग्या मतिमंदत्वाचे हे एक मोठे कारण आहे.

तपासणी सोपी आहे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेतले जातात. गोव्याने २००८ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू केला होता. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा विकार आहे, पण त्याची तपासणी ऐच्छिक ठेवलेली आहे. त्यामुळे प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी ‘बाळाची टीएसएच तपासणी झाली का?’ हा प्रश्न कुटुंबाने स्वतः विचारायला हवा.

गळ्याची गाठ म्हणजे कर्करोग का?

बहुतेक वेळा नाही. थायरॉइडमधील दहापैकी नऊहून अधिक गाठी कर्करोगाच्या नसतात. गाठ आढळल्यास टीएसएच आणि सोनोग्राफी करतात. गरज भासली तर सुईने पेशी काढून तपासतात. गाठ झपाट्याने वाढणे, ती कडक असणे, आवाज बदलणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, बाजूला इतर गाठी असणे या गोष्टी असतील तर मात्र उशीर करू नये.

दुसरे टोकही टाळायला हवे. दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीच्या जोडीला निरोगी लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत १५ पट झाले, पण मृत्यूंचे प्रमाण बदलले नाही. हजारो लोकांवर गरज नसताना शस्त्रक्रिया झाल्या. त्रास नसताना ‘एकदा करून बघू’ म्हणून गळ्याची सोनोग्राफी करू नये, हा त्यातला धडा.

हायपरथायरॉइडिझमवर गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन आणि शस्त्रक्रिया असे तीन मार्ग आहेत. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करते. कार्बिमॅझोलसारखी गोळी सुरू असताना ताप येऊन घसा खूप दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी करावी. क्वचित प्रसंगी या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटतात.

सोयाबीन, कोबी आणि हळदीचे काय?

सोयाबीनच्या जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येतो. आयोडीन पुरेसे मिळत असेल तर आहारातील सोयाबीनमुळे निरोगी माणसाला थायरॉइडचा आजार होत नाही. मात्र सोयामुळे गोळीचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून गोळीच्या वेळी ते टाळावे. कोबी, फुलकोबी शिजवून नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती या जिल्ह्याची ओळख आहे. स्वयंपाकात ती जरूर असावी. पण हळद, धने किंवा आणखी कशाचे पाणी पिऊन निकामी झालेली ग्रंथी पुन्हा काम करू लागते, याला आधार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरील असा संदेश वाचून गोळी सोडणाऱ्यांचा आजार काही महिन्यांत पूर्ण ताकदीने परत येतो.

हिंगोलीत तपासणी कुठे? पुढे काय?

खासगी लॅबमध्ये टीएसएच चाचणी काही शे रुपयांत होते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. नमुना कोणत्या दिवशी घेतला जातो आणि रिपोर्ट कधी मिळतो, हे जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशा सेविकेला आधी विचारले तर मजुरीचा दिवस वाया जात नाही. गुंतागुंतीच्या रुग्णांना आजवर नांदेड गाठावे लागत असे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचाही समावेश आहे. तज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्यातच मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे.

‘संजीवनी’ने सुमारे तीन लाख महिलांपर्यंत प्रश्न घेऊन जाता येते, हे दाखवले. त्याच भेटीत आणखी चार प्रश्न विचारणे अवघड नाही : लोहाच्या गोळ्या घेऊनही थकवा आहे का, गळ्याला सूज आहे का, पाळी बदलली आहे का, आधी गर्भपात झाला आहे का. ज्यांची उत्तरे ‘हो’ येतील त्यांच्या रक्ताचा एक नमुना घेणे हे पुढचे पाऊल असेल. सरसकट सगळ्यांची तपासणी करण्यापेक्षा ते स्वस्त आणि उपयोगी ठरेल. तोपर्यंत महिन्यानुमहिने टिकलेल्या थकव्याला कामाचा थकवा म्हणण्याआधी टीएसएचचा आकडा पाहणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.